ओवी आणि शाईच्या बाटल्या वैष्णवीकडे

मी योगिनी संतोष गांगुर्डे, वय सत्तावीस, राहणार अंबड, नाशिक. हे माझ्या मनानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाय. शाळा सातवीपर्यंत झाली. वकील मॅडम म्हणाल्या, बोलता तसंच लिहा, चालतं.

सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, झडप गळते. गळती म्हणजे काय ते मला समजवायला लागलं नाय. आधी लय भीती वाटायची. आता हे लिहायला बसले.

१. माझी मुलगी ओवी, वय सहा. तिचे पप्पा अपघातात गेले. मला काही झालं तर ओवी माझी बहीण वैष्णवी हिच्याकडे राहील. इथंच, याच शाळेत. सासूबाई चतुराबाई म्हणतात, "पोरगी आमच्या घरची हाय, वणीला येईल." त्यांचा जीव आहे तिच्यावर, ते खोटं नाय. पण मी घरी प्रिंटरची कार्ट्रिज भरते, बोटं काळी असतात, म्हणून त्यांनी मला गौरीच्या पुरणाला हात लावू दिला नाय. मी भिंतीला टेकून बसले. ओवीनं विचारलं, "मम्मी, तुझे हात घाण आहेत का?" ओवी तिथं वाढायला नको.

२. मंगळसूत्र, कानातलं आणि पोस्टातले पैसे ओवीचे. खोली भाड्याची आहे, तिचं काय लिहायचं.

३. सिरिंजा, सुया, शाईच्या बाटल्या आणि जुना प्रिंटर वैष्णवीला. वैशू, तू घाई करतेस, म्हणून लिहून ठेवते. सुई स्पंजात हळू घाल. शाई ढकलू नको, स्पंजाला पिऊ दे. भोकाशी शाई दिसली की थांब आणि थोडी मागं ओढ. प्रत्येक रंगाची सुई वेगळी. वरून पट्टी लावताना हवेला बारीक वाट ठेव. सगळं बुजवलं तर शाई उतरत नाय, सगळं उघडं ठेवलं तर गळते. मग टिश्यूवर टेकवून बघ. ठिपका पडला तर चांगलं. पसरला तर गिऱ्हाइकाला देऊ नको.

४. चंदर झेरॉक्सवाल्यानं मी भरलेलं कार्ट्रिज उलटं करून गाडीच्या डिकीत टाकलं आणि गावभर सांगितलं, योगिनीचं काम गळतं. दुखवट्याला आला तर चहा द्या. कार्ट्रिज भरून देऊ नका.

५. संतोषचं घड्याळ सासूबाईंना. ते बंद आहे, पण त्यांच्या मुलाचं आहे.

सही करायच्या आधी हे वाढवते. सासूबाई आज वणीहून आल्या, ओवीचे कपडे न्यायला पिशवी घेऊन. वैष्णवीनं त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. पुरणाचं पण. मला वाटलं, आता भांडण. त्या पिशवीची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, "साक्षीला कोण?"

मी म्हटलं, "शेजारच्या सुधाताई. अजून एक माणूस लागतं."

"मी देते अंगठा. उद्या आमच्यातलं कोणी पोरीसाठी भांडायला आलं तर माझा अंगठा दाखवा."

वकील मॅडम तिथंच होत्या, म्हणाल्या, "आजी, ज्याला यात काही मिळतं त्यानं साक्षीदार नसलेलं बरं."

"मग घड्याळ खोड."

मी म्हटलं, "आई, संतोषचं आहे ते."

"माहितीये मला. खोड."

कलम ५ रद्द. घड्याळ ओवीला.

स्टॅम्प पॅड सुकलं होतं. मी काळी बाटली काढली. म्हटलं, "आई, ही शाई लवकर जात नाय."

"नको जाऊ दे," म्हणाल्या आणि हात पुढं केला.

मी त्यांचा अंगठा आधी टिश्यूवर टेकवला, मग कागदावर.

लिहून देणार: योगिनी संतोष गांगुर्डे (सही)
आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. सुधा पुंजाराम पगार (सही)
२. चतुराबाई गंगाधर गांगुर्डे, डाव्या अंगठ्याची निशाणी. पसरली नाय.

ठिकाण: अंबड, नाशिक
१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार