चौथा अध्याय राहिला

१४ जानेवारी १९७४, सोम.
संक्रांत. शेजारणीने तिळगूळ दिला, सौ.ने उलट नाताळातला केक दिला. शेवटचा तुकडा होता. दात सांभाळा हे सांगायचे राहून गेले. गड्ड्याच्या जत्रेचे भोंगे इथवर ऐकू येतात, त्यामुळे शाळेतल्या संस्कृतच्या वह्या तपासणे अशक्य. निमित्त चांगले आहे.

ख्रिस्ती मासिकाच्या संपादकांचे पोस्टकार्ड. मी त्यांचा सोलापूरचा वार्ताहर. बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी कळवतो, आणि गेले वर्षभर 'शास्त्रातील माणसे आणि आपण' हे सदर. प्रत्येक माणसाच्या शेवटी एक धडा हवाच, असा त्यांचा आग्रह. योना झाला (धडा: सांगितलेल्या कामापासून पळू नये). याकोब झाला (धडा: भुकेल्या भावाला वाढताना अटी घालू नयेत). मार्था झाली. मार्थेवरून सौ. अजून रागात आहे. "ती स्वयंपाकघरात नसती तर प्रभू आणि ते बारा जण काय उपदेश जेवणार होते?"

पुढची रूथ. सोपी आहे.

१७ जाने., गुरु.
सोपी नाही.

कथा तशी सगळ्यांना पाठ. दुष्काळ पडतो, अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलगे घेऊन मवाब देशात जातो. तिसऱ्याच वचनात तो मरतो. सासऱ्याला इतक्या लवकर वाटेला लावणारी दुसरी कथा माहीत नाही. लिहिणाऱ्याला पुढे जायची घाई असावी. मग मुलगेही जातात. राहतात सासू आणि दोन सुना. अर्पा माहेरी फिरते, रूथ सासूला धरून राहते.

आमच्या घरी अर्पा नाही. मुलगा अरुण एकुलता. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला, लग्न झाले, वर्ष उलटते न उलटते तो कावीळ. येत्या एप्रिलात दोन वर्षे होतील. ऐन दुष्काळ होता, शवपेटीला लाकूड मिळवायला... असो.

त्याची बायको करुणा तेव्हापासून आमच्याकडेच. दवाखान्यात नर्स. ड्यूटीवर पांढरी साडी आणि घरी आली की ती बदलून दुसरी पांढरी. आम्ही ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या. विधवेची पांढरी साडी शास्त्रात कुठे सांगितली आहे ते शोधतो आहे. जुन्या करारात नाही. नव्यातही नाही. नेसते मात्र.

चर्चच्या मंडळीत तिला सगळे 'आमची रूथ' म्हणतात. सौ.ला फार आवडते. मलाही. खोटे कशाला लिहू.

२२ जाने., मंगळ.
सोनूताई येऊन गेल्या. स्त्रीसभेच्या अध्यक्ष. आवाज असा की त्यांच्या प्रार्थनेला देवाला कान पुढे करावा लागत नाही.

बातमी: उपकारस्तुतीच्या रविवारी करुणाचा सत्कार. दुष्काळानंतरची पहिली धड सुगी, म्हणून यंदा सण थाटात. 'आदर्श सून' म्हणून तिला चादर पांघरायची. चादर विणायला टाकलीसुद्धा, मधोमध 'रूथ' असे नाव.

"आणि शास्त्रीबुवा, रूथवर तुम्हीच बोलायचं. लांबवू नका, मागनं लिलाव आहे."

(मंडळीने देवाला आणलेली कणसे, कोंबड्या, भोपळे उपासनेनंतर अंगणात लिलावात निघतात. मागे एकदा भोपळ्याने माझे भाषण खाल्ले होते.)

क. चहा घेऊन बाहेर आली. "मला नको ताई चादर."
"अगं, नको म्हणतेस म्हणून तर!"
हो म्हटले असते तरी चादर मिळाली असती, नको म्हटले तरी मिळणार.

२७ जाने., रवि.
दुपारी जेऊरच्या बाई आल्या. मुलगा प्रभाकर, तिथे शाळेत मास्तर. पायाचे हाड मोडून मागे दवाखान्यात पडून होता, क.च्या वॉर्डात. बरा होऊन गेला त्याला चार-पाच महिने झाले. बाईंची ओळख एवढीच.

पिशवीत हुरडा आणि शेंगाचटणी. मी खुर्ची पुढे केली तर "हितंच बरं हाय" म्हणत जमिनीवर बसल्या.

"मास्तर, मला फिरवून बोलाय येत न्हाय. करुणा मला लई आवडली. आमच्या पोराला तर माज्या आदीच."

सौ. म्हणाली, "ती आमची सून आहे."

"व्हय की. म्हणून तर तुमास्नी इचाराय आले. तिच्या म्हायेरी अक्कलकोटला गेले आसते तर तुमास्नी वाईट वाटलं आसतं. आमच्यातबी लोकं नावं ठेवत्याल, बिनलग्नाचा पोरगा आन् असली बायकू का करतोस म्हनून. ठिवू द्या."

सौ. उठून आत गेली ती गेलीच. भांड्यांचा आवाज मात्र भरपूर. चहा आला नाही. आमच्या घरातून माणूस बिनचहाचा गेल्याचे मला आठवत नाही.

मी म्हणालो, "विचार करून कळवतो." वार्ताहराचे वाक्य.

"कळवा. पर लौकर. जोंधळा काढनीला आलाय, तो काय थांबत न्हाय."

हुरडा गोड होता. मी एकट्याने खाल्ला. चोरासारखा.

३० जाने., बुध.
सौ.ने क.ला विचारले. मी वर्तमानपत्राआड.
"तुला काय वाटतं गं?"
"तुम्ही दोघं म्हणाल तसं, आई."

सौ. खुलली. संध्याकाळी गोडाचे केले. हे उत्तर नव्हे. चांगल्या सुनेने द्यायचे असते ते दिले. आम्ही म्हटल्याखेरीज ती म्हणणार नाही आणि ती म्हटल्याखेरीज आम्ही म्हणणार नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. वर्गात मी याचे उदाहरण म्हणून कुलूप आणि किल्ली देतो: किल्ली पेटीत, पेटीला कुलूप. आता घरचेच उदाहरण झाले.

शाळा सुटल्यावर तळ्यापर्यंत चालत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. भेळवाला म्हणाला, "सर, काय हरवलं काय?"

२ फेब्रु., शनि.
लेख लिहून टाकला. ठाकठीक. रूथ एकनिष्ठ, रूथ कष्टाळू, परक्याच्या शेतात कापणीमागे पडलेला सरवा वेचून सासूला जगवते. धडा: सुनांनी रूथसारखे व्हावे.

माझे अक्षर छापखान्यात कोणाला लागत नाही, म्हणून स्वच्छ प्रत नेहमी क. करते. केली. सुवाच्य, मुकाट. कागद हातात देताना म्हणाली,
"बाबा, चौथा अध्याय राहिला."
"मासिकात जागा कुठे आहे एवढी?"
"योनाचे चारही बसले होते."

आणि चपला घालून ड्यूटीला गेली.

लेख पाकिटात घातला. काढला. घातला. तिकीट वाया गेले.

५ फेब्रु., मंगळ.
चौथा वाचला. तिसराही. रूथचे लग्न होते, शेताचा मालक बवाज याच्याशी. हे माहीत होते. माहीत असणे आणि वाचणे यांत फरक आहे हे मी पोरांना सांगत असतो.

सगळे नामी घडवून आणते. आधी वाटेवर दोघी सुनांना म्हणते, परत जा, तुमची घरे वसोत. गावात शिरल्यावर बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मी कडू झाले. भरलेली गेले, रिकामी आले. आणि हीच कडू बाई तिसऱ्या अध्यायात रूथला सांगते: न्हा, चांगले नेस, आणि जा त्याच्याकडे. जिच्याजवळ एकच माणूस उरले होते, तिने ते...

मीमांसक स्तुती वेगळी ठेवतात आणि विधी, म्हणजे आज्ञा, वेगळा. 'तू आमची रूथ' ही स्तुती. मंडळीने तिचा विधी करून टाकला. दोन वर्षे आम्ही त्या मुलीला पहिल्या अध्यायातच वाटेवर उभी केली आहे, आणि कौतुकाने तिच्याभोवती फिरतो आहोत. रूथ कोण हे सगळ्यांनी मिळून ठरवले. नामी कोण, हे कोणी विचारले नाही. मी म्हणजे अलीमलेख, मी तर तिसऱ्या वचनातच मेलेला असायला हवा होतो.

सौ.ला हे सगळे सांगितले. जरा जोरातच सांगितले असेन.

"तुम्हाला काय, लेख लिहून मोकळे व्हाल. मी रोज कुणाची वाट बघत भाकरी झाकून ठेवू?"

बरोबर आहे.

१० फेब्रु., रवि. उपकारस्तुती.
वेदीपुढे ज्वारीची कणसे, वांगी, भोपळे, पाय बांधलेली एक कोंबडी. मंडळी खुशीत. जेऊरची माणसे आली नव्हती. कशी येतील, कळवले कोणी?

बोललो. थोडक्यात. रूथ तुम्हाला पाठ आहे, म्हणालो, आज नामीबद्दल. दु:ख झाले म्हणून तिने ते लपवले नाही, स्वत:ला कडू म्हणवून घेतले. पण त्या कडूपणाचा वाटा सुनेच्या ताटात वाढला नाही. तेव्हा आजचा धडा सुनांना नाही. आपल्यासारख्या केस पिकलेल्यांना आहे. देवाने नेले त्यासाठी रडावे. जे राहिले आहे त्याचा हात धरावा, मनगट आवळू नये.

मधेच कोंबडी ओरडली. तेवढीच दाद.

सोनूताई पुढच्या बाकावरून: "शास्त्रीबुवा, धडा राहिला की."
"हाच."
"हा कसला मेला धडा!"

चादर पांघरलीच. जाड, मोठी, खास सोलापुरी, क. तिच्यात दिसेनाशी झाली. मान खाली. फेब्रुवारीचे ऊन, पत्र्याचे छप्पर, आणि ती चादरीत. 'रूथ' हे नाव नेमके पाठीवर आले. टाळ्या. माझ्या शेजारी टाळी ऐकू येईना म्हणून वळून पाहिले. सौ. नुसती त्या पाठीकडे बघत होती.

घरी येताना सौ. एकच वाक्य बोलली. "घामाघूम झाली होती पोर."

११ फेब्रु., सोम.
सौ. बोलत नाही. ताट वेळेवर, भाजीत मीठ बरोबर, चेहरा दगड. मार्थेवरच्या लेखाच्या वेळीही असेच होते, पण तेव्हा मीठ जास्त होते.

चादर घडी घालून कपाटावर. तिच्याकडे कोणी बघत नाही.

नवा लेख लिहायला घेतला. खुर्ची खिडकीशी नेली, दाराशी नेली. मिलचा भोंगा झाला तेव्हा कागदावर फक्त तारीख होती.

१४ फेब्रु., गुरु.
लेख झाला. नामीवरच. क. प्रत करायला बसली, सौ. पलीकडे सुपात ज्वारी निवडत. घरात लेखणीचा आणि सुपाचा आवाज.

क.ने मान वर केली. माझ्याशी बोलत होती, आवाज मात्र सुपाच्या दिशेने.
"बाबा, याही वेळी शेवट राहिला."
"लग्न लावून दिले की."
"लग्नानंतरचं. रूथला बाळ झालं, ते कुणाच्या मांडीवर दिलं?"

सूप थांबले.

"नामीच्या," मी म्हणालो.
"आणि शेजारच्या बायका काय म्हणाल्या?"
"म्हणाल्या, नामीला मुलगा झाला."
"मग ते घाला ना."

पुन्हा खाली मान घालून लिहू लागली. कान लाल. सुपाचा आवाज बऱ्याच वेळाने सुरू झाला. एकच मूठ किती वेळा निवडावी माणसाने.

ते वाक्य घातले. लेख पोस्टात.

१६ फेब्रु., शनि.
शाळेतून आलो तर अंगणात दोरीवर हिरवी इरकली. अरुणने पहिल्या पगारातून क.साठी आणलेली. ती ट्रंकेच्या तळाशी होती. मी ओळखली, पण न ओळखल्यासारखे केले.

"हे काय काढलंस?"
"ठेवून ठेवून कसर लागते." सहा दिवसांतले पहिले पूर्ण वाक्य.
"बरं."
"बरं काय? घडीवर विरायला लागली होती. साडी नेसायला असते."

उन्हे उतरल्यावर तिने ती काढली, हाताने दाबून दाबून घडी केली, आणि ट्रंकेकडे गेली नाही. क.च्या खाटेवर ठेवून आली. मग चूल पेटवायला बसली आणि धुराने डोळ्यांत पाणी आले म्हणून मला बाहेर घालवले. धूर मला तरी दिसला नाही.

न्हा, चांगले नेस. मी तिला तो अध्याय वाचून दाखवलेला नाही. स्वत:च वाचला असेल. की वाचावा लागला नसेल?

क. ड्यूटीवरून आली. खोलीत गेली. दार लोटले. जेवायला बाहेर आली ती पांढऱ्यातच. आम्ही तिघे भाकरीबद्दल बोललो.

१७ फेब्रु., रवि.
क. सकाळीच ड्यूटीला. उपासनेला आम्ही दोघेच. सोनूताईंनी विचारले, "आमची रूथ कुठाय?" सौ. म्हणाली, "तिला करुणा म्हणा."

घरी येऊन पाहिले. साडी क.च्या खाटेवर नाही. ट्रंकेत नाही. दोरीवर नाही. कोणाला विचारायचे? सौ.ला विचारले तर म्हणेल, तुम्ही बायकांच्या ट्रंका कशाला उघडता.

आता दुपार. सौ. दारात, पदराला हात पुसत.
"अहो, जेऊरला थांबणारी गाडी केव्हा असते?"
"कोणाला जायचंय?"
"विचारलं नुसतं. जोंधळा थांबत नाही म्हणाली होती ना ती बाई." मग, "आणि चहा राहिलाय तिचा आपल्याकडे."

आत गेली.

अलीमलेख रेल्वेचे वेळापत्रक शोधतो आहे. इथेच कुठेतरी होते.