पाण्याची सोय

३ एप्रिल २००६, सोमवार

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी. वेस्ट विंडसरचं हे घर स्वानंदीनं शोधलं आणि मी बघताक्षणी हो म्हटलं. लग्नाला चारच महिने झालेला माणूस बहुतेक गोष्टींना बघताक्षणी हो म्हणतो. घर छोटं, बैठं, हिरव्या दाराचं. दारात दोन दगडी पायऱ्या, त्यातली खालची तडकलेली. अंगणात चक्क हापसा. घरमालक म्हणाला, तो शोभेचा आहे. मी चार वेळा दांडा मारला तर पाणी आलं, गार आणि गोड. दाराला पितळी घंटा आहे, तिच्या दोरीला स्वानंदीनं पूजेतला लाल-पिवळा दोरा बांधला. जन्मली, वाढली इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, पण असल्या बाबतीत माझ्या आईला मागे टाकेल.

नोकरी मजेशीर आहे. मालकीणबाई डॉटी, वय सत्तर, पूर्वी शाळेत फ्रेंच शिकवायच्या. त्या आणि त्यांचे पती वॉल्टर तीस वर्षं अमेरिकन लोकांना फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरवून आणत. वॉल्टर आता नाहीत, त्यांच्या चाळीस वह्या आहेत. त्या कॉम्प्युटरवर घालायच्या आणि सायकलस्वारांसाठी मार्गपत्रकं छापून घ्यायची. हँडलवरच्या प्लास्टिकच्या खिशात मावेल एवढा कागद, त्यावर अमुक किलोमीटरला डावीकडे, तमुकला उजवीकडे. मी स्वतः सायकल शेवटची चालवली ती अकरावीत. डॉटीबाई म्हणाल्या, मोरेश्वर, रस्ता सांगणाऱ्यानं तो चाललेला असायलाच हवा असं नाही. बाई मला आवडल्या.

१४ एप्रिल, शुक्रवार

आज फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताची वही काढली. वॉल्टर भला माणूस असावा. कालव्याकाठची पॉप्लरच्या झाडांची रांग कुठे सुरू होते, गावातला छपराचा जुना धोबीघाट कुठे, तटबंदीच्या कुठल्या दरवाजातून शिरलं की चढ कमी लागतो, सगळं टिपलंय. एका ठिकाणी लिहिलंय, इथे कुत्रा आहे, पण त्याचं मन मोठं आहे.

डॉटीबाईंनी लग्नाचा आहेर म्हणून जूनच्या बर्गंडी सहलीत दोन जागा फुकट दिल्या. स्वानंदी घरभर नाचली. मला मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज निकालात निघेपर्यंत देशाबाहेर पाय टाकायला परवानगीचं पत्र लागतं. ते नव्वद दिवसांत येतं म्हणतात. आज एकशेचौथा दिवस. पत्रपेटीत पिझ्झाची कुपनं.

२० एप्रिल, गुरुवार

डोकं फिरायची वेळ आली. बर्गंडीच्या पाचव्या दिवसाच्या पानावर कोणे एके काळी कॉफी सांडली आहे. छत्तिसाव्या किलोमीटरनंतर ‘३८.२, पाणी’ एवढंच वाचता येतं, मग एकदम ४०.३ ला चर्च. मध्ये तपकिरी डाग. फ्रान्समधला वाटाड्या बर्ट्रां फोन उचलेना, छापखान्याची मुदत पाच वाजेपर्यंत, आणि डॉटीबाई दाताच्या डॉक्टरकडे.

आमच्या घराण्यात रस्ता विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणणं कमीपणाचं. वडील तर परगावी रिक्षातून उतरल्या उतरल्या लोकांना पत्ते सांगायचे. पावणेपाचला मीही ठोकून दिलं. काही सुचेना तेव्हा आपलंच घर लिहिलं: ३८.२, उजवीकडे कच्च्या वाटेनं आत वळा. हिरव्या दाराचं घर. घंटा वाजवा. हापसा. पाण्याची सोय आहे. पुढची ओळ थेट ४०.३, चर्च. कोणी शोधून नाही सापडलं तर दोन शिव्या देऊन पुढे जाईल, बिघडलं काय?

९ मे, मंगळवार

पहिली सहल परतली, अभिप्रायाची कार्डं आली. अकरापैकी नऊ जणांनी पाचव्या दिवसाच्या हिरव्या दाराचं कौतुक केलंय. पाणी अमृतासारखं. खिडकीशी चष्मेवाला एक बारीक माणूस निळ्या वहीत काहीतरी लिहीत होता, काहीही विचारलं तरी नुसती मान हलवायचा.

हिरवी दारं फ्रान्समध्ये पैशाला पासरी असतील. पण एका बाईंनी विचारलंय, घंटेच्या दोरीला लाल-पिवळा धागा कशासाठी बांधतात. धाग्याचं मी काही लिहिलेलं नाही. पत्रक चार वेळा वाचलं.

ही माझी रोजनिशी निळीच आहे, चष्मा मलाही आहे. योगायोग. पत्र नाही. एकशेएकोणतिसावा दिवस.

१८ मे, गुरुवार

काल दुसऱ्या सहलीचा पाचवा दिवस. आज बर्ट्रांचा फोन. एक गृहस्थ तीन तास उशिरा पोचले. त्यांचं म्हणणं, दुपारी चारला पाणी प्यायलो, वाटेनं बाहेर पडलो, डावीकडे गेलो तर पुन्हा तेच घर. उजवीकडे गेलो, पुन्हा तेच. पाच-सहा फेऱ्यांनंतर कसा सुटलो, कळलं नाही. पत्रकात घरातून निघाल्यावर कुठे वळायचं तेच लिहिलेलं नाही म्हणून ते चिडलेत.

खरं आहे. आत जायचं लिहिलं, बाहेर पडायचं लिहिलं नाही. दोन शब्द लागले असते.

मी बर्ट्रांना विचारलं, ते घर नेमकं कसं आहे. ते म्हणाले, कसलं घर? मी दर वेळी तिथून गाडी नेतो. चार किलोमीटर सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंनी गहू. त्या गृहस्थांना ऊन लागलं असेल.

काल संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा हापशाखाली ओलं होतं. अंगणातल्या खडीत सायकलीच्या चाकांचे माग. स्वानंदी सकाळी आठलाच कामावर गेली होती. तिकडचे दुपारचे चार म्हणजे आमचे सकाळचे दहा.

२३ मे, मंगळवार

डॉटीबाईंना सगळं सांगितलं, ओळ खोटी आहे हेसुद्धा. रागावतील वाटलं होतं, त्या हसल्या. म्हणाल्या, लोकांना आवडलेली एकमेव नवी गोष्ट मी कशाला काढू? शिवाय सहाशे पत्रकं प्लास्टिकात बांधून तिकडे पोचली आहेत. मी चिकटपट्ट्या छापल्या: ‘३८.२ वर थांबू नका.’ स्वतःच्या खर्चानं कुरियर केल्या. ते पार्सल पॅरिसच्या कस्टममध्ये अडकलं. फोन केला की फ्रेंचमध्ये थांबायला सांगतात आणि गाणं लावतात. दुष्काळात तेरावा महिना.

१ जून, गुरुवार

काल तिसऱ्या सहलीचा पाचवा दिवस. एक माणूस आलाच नाही. ओहायोचे निवृत्त शिक्षक, एकसष्ट वर्षांचे, एकटेच आले होते. सायकल गव्हाच्या कडेला सापडली. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली, गार. पोलीस शोधताहेत.

आमची खालची पायरी सावलीत असूनही उबदार लागते, मघाशी कोणी बसून उठल्यासारखी.

डॉटीबाई आता हसत नाहीत. पण सहली रद्द करणार नाहीत. म्हणाल्या, तू लिहिलंस म्हणून फ्रान्समध्ये घर उगवतं, असं मी विमा कंपनीला सांगू का?

५ जून, सोमवार

स्वानंदीला सांगितलं. जाऊ नकोस म्हणालो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाली, मोरू, यू आर जस्ट अपसेट की तुला येता येत नाही, आणि ते मला कळतं, आय रिअली गेट इट, पण त्यासाठी भूत कशाला? मी ओरडलो. ती रडली. लग्नानंतर पहिल्यांदा.

पत्र आलं. फोटोची मापं चुकली आहेत, नव्यानं अर्ज करा.

९ जून, शुक्रवार

विमानतळावर सोडून आलो. तिनं शपथ घेतली, पाचव्या दिवशी सायकल चालवणार नाही, बर्ट्रांच्या गाडीत बसेन. तिच्या काकू आणि मावशी फराळाचे डबे घेऊन निरोपाला आल्या होत्या, त्यांच्यासमोर जास्त बोलता आलं नाही. तिनं हेल्मेट लाल घेतलंय, लांबून दिसावं म्हणून.

मला भीती वाटते. इतकं साधं वाक्य लिहायला महिना लागला.

१३ जून, मंगळवार

नवी ओळ लिहायला बसलो. बाहेर पडायची ओळ. ‘डावीकडे वळा’ लिहिलं. ‘उजवीकडे’ लिहिलं. खरं कुठलं? तो रस्ता मी पाहिलेला नाही. वॉल्टरची वही उन्हात धरली, इस्त्री फिरवली. डाग आहे तिथेच आहे.

घंटा काढून कपाटात ठेवली. हापशाला साखळी घातली. उद्या रजा.

१४ जून, बुधवार

सकाळी ८.४०. स्वानंदीचा फोन. कोणाला तरी चक्कर आली, बर्ट्रां गाडी घेऊन त्याला दवाखान्यात गेलेत. ती सायकलवर निघते आहे, आता कालव्याशी आहे. म्हणाली, चिल, मी थांबणारच नाही, सरळ जाईन. ऊन खूप आहे, यार. बाटली संपली? विचारलं. म्हणाली, होईल मॅनेज.

९.३०. तिचा फोन लागत नाही. बर्ट्रांचा लागत नाही. डॉटीबाई म्हणतात, त्या प्रयत्न करताहेत.

९.५५. पायरीवर बुटांचा आवाज. सायकलच्या बुटांचा, खट् खट्. थांबला.

१०.०४. घंटा वाजली. कपाटात नाही. दारावर आहे. दोऱ्यासकट.

खिडकीबाहेर शेजाऱ्यांची गाडी नाही. पत्रपेटी नाही. रस्ताच — गहू. सगळीकडे गहू. खालच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेत, हेल्मेट मांडीवर. थकलेत फार.

दार उघडत नाही. हिरवं दार. आतून रेटतोय —

लाल हेल्मेट. फाटकाशी. सायकल टेकवतेय.

हाका मारल्या. घसा फाटला. तिला ऐकू जात नाही. माझ्याकडे बघून हसली, पाणी देणाऱ्या परक्या माणसाकडे बघून हसतात तसं. दोऱ्याकडे पाहून थबकली. हात लावला. मग हापसा. साखळी नाही.

प्यायली. का प्यायलीस — तहान होती. मीच लिहिलंय, सोय आहे.

काचेवर कागद धरलाय. बोट ३८.२ वर. विचारतेय, इथून कुठे.

माहीत नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज नाहीच — नुसती मान हलली.

पायरीवरचे ते ओहायोचे शिक्षकही उठलेत. तिच्या मागे उभे. दोघं वाट बघताहेत.

वहीतलं पान फाडून काचेला लावतो. ती देवनागरी अडखळत वाचते. मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. बरोबर लिहायला हवं.

किमी ३८.२. फाटकातून बाहेर पड. मग —