मादामची हसरी चित्रं

७ मार्च १९९८, शनिवार
मदिनत सुलतान काबूसला राहणारी एक फ्रेंच मादाम आज इथे आखातात, सीबच्या आमच्या फ्रेमच्या दुकानात चार जुनी छापील चित्रं देऊन गेली. तिच्या देशातला दीडशे वर्षांपूर्वीचा कुणी चित्रकार. काय पण माणसं काढलीत! दात उपटणारा डॉक्टर पेशंटच्या छातीवर गुडघा रोवून उभा. कोर्टात जज्ज घोरतोय. बायको डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलीय आणि टोपीवाला नवरा रडतं पोर घेऊन येरझाऱ्या घालतोय! मी आणि दुकानातले शरीफभाई हसून हसून बेजार.

मग त्या टोपीवाल्याकडे पुन्हा पाहिलं. गावाकडे माझी आकांक्षा पाच वर्षांची झाली, मी तिला असं एकदाही खांद्यावर घेतलेलं नाही. तिच्या आणि तिच्या आईच्या, मंगलाच्या व्हिसाचे कागद अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या टेबलावर आहेत. सही तेवढी राहिलीय.

८ मार्च
कापायचं काम शरीफभाईंचं. ते नमाजाला गेले होते. म्हटलं, आपणच उरकून टाकू. देवाच्या कॅलेंडरची पांढरी कड कापतो तशी चारही चित्रांची कापली. खाली पेन्सिलीने काहीतरी गिचमिड होतं, घाण दिसत होतं. आता कशी स्वच्छ दिसतात!

९ मार्च
मेलो! मादामचा फोन. अर्बाबने घेतला. खालच्या पेन्सिलीच्या ओळी झाकू नका म्हणे, तिच्या वडिलांचं अक्षर आहे. घरातलं कोण कुठल्या चित्रासारखं दिसतं, ते त्यांनी गमतीने लिहून ठेवलेलं. वडील गेल्या वर्षी वारले.

कचऱ्याचा डबा रिकामा. गाडी सकाळीच येऊन गेलेली.

"किसने काटा?" अर्बाब ओरडला. शरीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "गलती हो गया, अर्बाब."

आणि मी गप्प. मी गप्प राहिलो!

१० मार्च
ओळी कापल्या गेल्याचं अर्बाबने मादामला फोनवर कळवलं. शरीफभाईंचा व्हिसा कॅन्सल. एकोणीस वर्षांची नोकरी — "खलास!" उद्याचं विमान. खोलीवर ते बॅग भरत होते. मी पाय धरले. म्हणाले, "ऊठ रे. बायकोपोरीला आण आधी. माझी पोरं झाली मोठी."
उद्या सकाळी अर्बाबला खरं सांगणार. सांगणारच!

११ मार्च
नाही सांगितलं. सकाळी अर्बाबने मंगला-आकांक्षाच्या कागदांवर सही केली, सव्वाचारला शरीफभाई गेले. लाज वाटते स्वतःची.

१२ मार्च
मादाम आली. चित्रांच्या कापलेल्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवत होती. मग म्हणाली, वडिलांच्या ओळी तिला तोंडपाठ आहेत, ती पुन्हा लिहील. ज्याच्या हातून झालं त्याला कामावरून काढू नका, एवढंच सांगायला आलेय. अर्बाब म्हणाला, तो काल गेला.

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुझा मित्र होता?"
मी हो म्हणालो.