मालकांच्या पोटाच्या पिशव्या जप्तीतून परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस उपनिरीक्षक साहेब,
पोलीस दूरक्षेत्र, करंजखोंड,
ता. शहापूर, जि. ठाणे

अर्जदार : रंगूबाई नवशा विशे, वय ६३
विषय : पुराव्यात नेलेला खोका आजच परत मिळणेबाबत.
संदर्भ : रविवार, दि. २० एप्रिलचा आपला पंचनामा.

महोदय,

अर्ज करते की, मागच्या वर्षी भातरोपाच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी ऐनाच्या झाडाच्या डहाळ्या तोडण्यावरून माझ्या दिराचा मुलगा कमळाकर याने आमच्या मालकांच्या पोटात कोयता घातला. डॉक्टरांनी फाटलेले आतडे कापून त्याचे तोंड पोटावर डाव्या अंगाला काढले. तेव्हापासून मालकांची शौचाची वाट तीच असून वर पिशवी चिकटवावी लागते. कमळाकर जामिनावर गावात हिंडतो.

पिशवीचे काम सिस्टरने मला शिकवले. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. चौथ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, जुनी हळू सोलायची, ओढायची नाय. कोमट पाण्याने धुऊन टिपायचे, तोंड मोजून नव्या पिशवीच्या चिकट चकतीला तेवढेच भोक कापायचे, चकती पोटावर तळहाताने दाबून ऊब द्यायची. चौदा महिन्यांत मालकांच्या कातडीवर लाल ठिपका आला नाय. सून नाक धरते. तिला म्हटले, तुझ्या पोरांचे काढलेस ते काय अत्तर होते गो?

रविवारी आमी राब भाजत होतो. कमळाकर पिऊन आला. "काका, झोळी दाखव," म्हणत सदऱ्यात हात घालून त्याने पिशवी ओढली. चकतीबरोबर कातडी निघाली. रक्त नि घाण राखेत पडली, तो हसला. माझ्या हातात पेटते दांडके होते, ते मी त्याच हातावर घातले. एकदा पंजावर, एकदा मनगटावर, पुढे मोजले नाय. हाड मोडल्याचे ऐकू आले. हे मी नाकारीत नाय.

हवालदारांनी दांडके नेले, ते बरोबर. पण फाटक्या पिशवीबरोबर घरातल्या कोऱ्या पिशव्यांचा अख्खा खोका नेला. मी म्हटले, त्या भांडणात नव्हत्या. ते म्हणाले, "मावशी, मुद्देमाल एकाच जातीचा आहे." मग मागच्या वर्षी कमळाकरच्या घरातले सगळे कोयते का नाय नेले?

दोन दिवस मी दुधाची पिशवी कापून फडक्याने बांधते. ती ठरत नाय. कातडी सोलवटून मांस दिसू लागले असून मालकांनी जेवण सोडले आहे. म्हणतात, "खाल्लेच नाय तर येणार नाय."

तरी खोका आज दिवस मावळायच्या आत द्यावा. मला अटक करायची तर जरूर करावी, पण सुनेला शिकवायला दोन सकाळी मिळाव्यात. मालक गेले तर मी कमळाकरच्या दारात जाणार आहे. हे आधीच लेखी देते, म्हणजे कोणी केले याचा तपास करायचा त्रास आपणास पडणार नाय.

खोक्याची वाट पाहणारी,
रंगूबाई नवशा विशे
दि. २२ एप्रिल २०२५

सोबत :
१. हॉस्पिटलचा कागद
२. मालकांचे आजचे फडके, न धुतलेले