अणुबॉम्ब आणि आमचा हौद

शुक्रवार, २४ मे २००२. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. कारण युद्ध होणार. पेपरात रोज नकाशा. दोन्ही सैन्यं सीमेवर, दोघांकडंही अणुबॉम्ब. अन् आमच्या गल्लीत लोक कूलरला वाळा बांधत बसलेत.

माझ्या अभ्यासानुसार बॉम्ब क्रांती चौकावर पडणार. मी शत्रू असतो तर तिथंच टाकला असता. आमचं घर तिथून अडीच किलोमीटर. म्हणजे रिस्क आहे.

वाळूजच्या कंपनीत सतरा वर्षं सेफ्टी सुपरवायझर होतो. सतरा वर्षांत कंपनीवर एकही बॉम्ब पडला नाय. रिटायर झालो म्हणून जबाबदारी संपत नाय. संकल्प: आठ दिवसांत कुटुंब अणुयुद्धाला तयार करणे.

सारजाला सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या रविवारी, दोन जूनला, गोदाला बघायला पैठणचे पाहुणे येणारेत, आधी त्याची तयारी करा. पोरगा चांगला आहे, पोरीच्या मनात भरलाय, हे स्थळ हातचं गेलं तर तुमच्याशी बोलणार नाय. बायकांना प्रायॉरिटी कळत नाय.

शनिवार, २५ मे.
दौलताबादला जाऊन किल्ल्याची पाहणी केली. अंधारी, म्हणजे आतला काळोखा बोगदा, फर्स्ट क्लास. गेटवरच्या माणसाला विचारलं, आणीबाणीत किती वाजेपर्यंत उघडं? म्हणाला, सहा. अन् तिकीट लागंल. बॉम्ब सातला पडला तर काय, असं विचारलं, तर त्यानं मागच्या माणसाचं तिकीट फाडलं. शिवाय वटवाघळं. किल्ला रद्द.

येताना ऊन लागलं. टोपी घरीच राहिली होती. सारजानं तळपायाला कांदा चोळला अन् चोळता चोळता माझ्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला.

सोमवार, २७ मे. दुपारी.
सापडलं. अंगणातला हौद! जमिनीत, सिमेंटचा, वर लोखंडी झाकण. नळाला पाणी येतं बुधवारी अन् शनिवारी, म्हणून या गावात घर तिथं हौद. पण त्यात पाण्याऐवजी माणसं ठेवावीत हे एवढ्या मोठ्या शहरात कुणालाच सुचलं नाय. मापं घेतली. मांडी घालून सहा जण बसतात.

मी, सारजा, गोदा. शेजारचा कमरोद्दीन अन् त्याची बायको जाहेदाभाभी. सहावी जागा मेव्हण्याला द्यावी का, याचा विचार केला. तात्यासाहेब घोरतात. बंद जागेत जमणार नाय. जागा राखीव.

मंगळवार, २८ मे.
कमरोद्दीनच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो. त्याला त्याची जागा सांगितली, दक्षिणेकडचा कोपरा, भाभींच्या शेजारी. हसंल असं वाटलं होतं. हसला नाय. हातातली तार खाली ठेवली. म्हणाला, “नानासाहेब, आजकाल पेपर उघडला की वाटतं, आपलं नाव भलत्याच यादीत जातंय. तुम्ही हौदाच्या यादीत घातलं. लई बरं वाटलं.”

मग दोघांनी चहा घेतला. प्लॅन टॉप सिक्रेट आहे, हे बजावलं. त्यानं शपथ घेतली. पाण्याचं काय करणार, असं दोनदा विचारत होता. टेक्निकल गोष्टी त्याला नंतर समजावीन.

बुधवार, २९ मे.
नळ आला. हौद काठोकाठ. सारजा खूश, रविवारची चिंता मिटली म्हणते. मी गप्प बसलो. मोठ्या कामात गुप्तता पाळावी लागते.

शुक्रवार, ३१ मे. संध्याकाळी.
परदेशी वकिलातींनी आपापल्या लोकांना देश सोडायला सांगितलं. म्हणजे माझा अभ्यास बरोबर! आता थांबणं गुन्हा.

सारजा अन् गोदा गुलमंडीला साडी घ्यायला गेल्या, तेवढ्यात कमरोद्दीनकडून मोटार आणवली. वहिनींना विचारलं का, असं त्यानं तीनदा विचारलं. म्हटलं, युद्धाचे निर्णय बायकोला विचारून होत नसतात. मोटार चालू. पाणी गल्लीत. ऐन उन्हाळ्यात रस्त्यानं पाणी वाहतंय म्हटल्यावर बाया बादल्या, घागरी, कुकरची भांडी घेऊन धावल्या. मी ओट्यावर उभा राहून मार्गदर्शन केलं. कुणी ऐकलं नाय.

सारजा परत आली. साडीचा घोळ उचलून पाण्यातून चालताना म्हणाली, कुणाच्या घरचं येडं आहे हे? मग आमच्या दारात आली. तेव्हापासून बोलत नाय. गोदा एवढंच म्हणाली, बाबा, परवा पाहुणे आहेत. म्हटलं, उद्या शनिवार आहे, नळ येणारच.

शनिवार, १ जून.
पहाटे हौदाला आतून चुना लावला. दहा वाजता नळ आला. चुना ओला, म्हणून हौदाचा कॉक बंद ठेवणं भाग पडलं. सारजानं मुकाट्यानं हंडे, कळश्या, पातेली भरली. पाहुणे पाच, हंडे अकरा. मार्जिन भरपूर.

रविवार, २ जून. सकाळी ८.
महत्त्वाचा शोध! हौदाच्या तोंडावर ओल्या गोधड्या टाकल्या तर किरणोत्सर्ग आत येत नाय. (स्वतःचं संशोधन.) लगेच ट्रायल घेतली. सहा गोधड्या, अकरा हंडे, वर कळश्या अन् पातेली. रिझल्ट उत्तम. सारजा देवपूजेत होती, तिला डिस्टर्ब केलं नाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
पाहुणे अकराला आले. पोरगा, आई-वडील, आत्या, एक मामा. पैठणहून जीपनं, घामाघूम. पायावर घ्यायला पाणी मागितलं. सारजा आत गेली अन् बाहेर आलीच नाय. मी वेळ काढायला आंतरराष्ट्रीय परिस्थिती सांगायला घेतली. पोराची आत्या भागूबाई मोरीत जाऊन कोरड्या हातानं परत आली अन् सगळ्यांदेखत म्हणाली, “ज्या घरात हात धुवायला पाणी नाय, तिथली पोरगी करायची?”

मी आंतरराष्ट्रीय परिस्थिती अर्ध्यावर सोडून दिली. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं.

गोदा पदर खोचून उठली. कमरोद्दीनकडं गेली अन् कमरेवर एक, हातात एक असे दोन हंडे घेऊन आली. नवी साडी भिजली. आत्यासमोर हंडा ठेवून म्हणाली, “बाबांनी हौद रिकामा केला. बॉम्बसाठी. पाणी मी आणते, तुम्ही बसा.” पोरगा आधी हसला, मग दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर गेला. जाहेदाभाभींनी वाळा घातलेला माठच उचलून पाठवला. आत्या तीन तांबे प्यायली.

पोराचे वडील काकासाहेब यांना हौद बघायचा होता. माझी छाती फुगली. स्टूल लावून खाली उतरवलं. आत लई गार. मी किरणोत्सर्ग समजावत होतो, तेवढ्यात त्यांना झोप लागली. तासभर झोपले. जागे झाल्यावर खालूनच म्हणाले, पोरगी पसंत आहे. हौदाचं सार्थक झालं!

अट एकच. लग्न पैठणला, सगळी व्यवस्था त्यांची, अन् मुलीच्या वडिलांनी नुसतं अक्षता टाकायला यायचं. माझ्या वयाचा विचार केला असेल.

सोमवार, ३ जून. सकाळी ११.
सारजा बोलायला लागली. पहिलं वाक्य इथं लिहिण्यासारखं नाय.

कमरोद्दीननं घरी बोलावलं. फोन आला होता, धरून ठेवला होता. त्याची मोठी बहीण जमिलाआपा, पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी, म्हणजे पन्नास साली, लग्न होऊन कराचीला गेली, ती तिथंच. आता गाड्या बंद, विमानं बंद, फोन तेवढा चालू. मला म्हणाला, शपथ मोडली, माफ करा. मागच्या आठवड्यात बहीण फोनवर रडत होती, आता सगळे मरणार म्हणून. तिला धीर द्यावा म्हणून त्यानं आमच्या हौदाचं सांगितलं, अगदी मापांसकट.

म्हणजे प्लॅन थेट शत्रूकडं. पण मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तिकडंही घरोघरी जमिनीत टाकी असते म्हणे. आपाच्या नवऱ्यानं शुक्रवारीच मोटार लावून रिकामी केली. आपाला टाकीवाल्या साहेबांशीच बोलायचं होतं. आभार मानणार असेल म्हणून केस सारखे करून फोन घेतला.

पन्नास वर्षांनंतरही बोली आमच्या गल्लीतलीच. म्हणाली, “भाईसाब, बम गिरंगा तब गिरंगा. आज मैं नहाऊँ कैसा, वो बोलो.”

म्हटलं, आपा, आमच्याकडं आता बुधवारी येणार नळ.

ती म्हणाली, “हमारे याँ बी.”