कांताची खुर्ची

९ ऑगस्ट २००२

आचल, लिही. – काय लिहू आजी? – मी बोलते ते!

मले अक्षर येत नाई, नववीतल्या या नातीले गप्प बसता येत नाई. जोडी जमली.

मोठी नात रुचिका आर्वीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पहिलंच वर्ष. सकाळच्या एसटीआधी आंगणात फेऱ्या मारत पाठ करते – "विषमता माणूस घरातच शिकतो." ऐकणारी मी, अन् सुपातली तुरीची दाळ. दाळीले काही समजलं नाई.

१३ ऑगस्ट

पोरीनं वर्गाले घरचा अभ्यास दिला. आपल्या घरात कोण कोणाले कशी हाक मारते, कोण कुठं बसते – आठ दिवस पाहा, लिहून आणा.

मी म्हटलं, याले कॉलेज लागते?

२० ऑगस्ट

रुचिका जेवली नाई. वर्गातली एक पोरगी उठली म्हणे – "मॅडम, तुमच्या घरचं काय लिहिलं?" ही म्हणे, "सोमवारी सांगते."

कांता आमच्याकडे चाळीस वर्षांपासून कामाले येते. माह्याच वयाची. मले बाई म्हणते. आमचं शेंबडं पोरगंही तिले "ए कांता" म्हणते. घरात खुर्च्या चार, ती पोत्यावर बसते. जातीचं नाव कोणी घेत नाई. घ्यायची गरजच पडत नाई!

"आजी, सोमवारी कोणत्या तोंडानं वर्गात उभी राहू?" डोळे भरून आलते पोरीचे.

म्हटलं, थांब. मी करते बरोबर.

२२ ऑगस्ट

केलं! कांता आली तशी खुर्ची ओढली. "या कांताबाई, बसा."

तिच्या हातातला झाडू पडला. "बाई, काय चुकलं माह्याकडून?"

"काही नाई हो."

"मग असं काऊन बोलून राह्यल्या? कामावरून काढाचं असन त सरळ सांगा!"

खुर्चीकडे अशी पाहे, जशी चावनच तिले. अन् गेली निघून.

रुचिकानं कपाळाले हात लावला. आचल तेव्हाही हसली, आता लिहितानाही हसून राह्यली. – हे नको लिहू. – लिहिलंस? बरं.

२३ ऑगस्ट

कांता आली नाई.

२४ ऑगस्ट

आजही नाई. भांडायले घरात कोणी नाई. सून भांडते, पण तिच्या भांडणाले चव नाई.

२५ ऑगस्ट

तिच्या घरी गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! गावाच्या त्या टोकाले, दहा मिनिटांची वाट. एवढी जवळ होती!

कांता दारात बसून पेपर वाचून राह्यली होती. चष्मा लावून!

"तुले वाचता येते?"

"वाचता, लिहिता, दोन्ही. साक्षरतेच्या वर्गात गेलती. दहा वर्षं झाली."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी कधी विचारलं?"

मी उभीच. तिनं घरातली एकुलती खुर्ची आणली. मी म्हटलं, मले पोतं दे.

"नाटकं नका करू बाई. गुडघे दुखतात तुमचे."

शेवटी दोघी खाटेवर बसलो. तिच्या हातचा चहा प्याली. माह्यापेक्षा बरा करते – हे तिले नाई सांगितलं. खुर्ची काऊन ओढली होती, ते मात्र सगळं सांगितलं.

"उद्या येशील?"

"येईन. पण खुर्ची द्याची त रोज द्या. एका दिवसाचं कौतुक नको मले."

घरी येऊन रुचिकाले सांगितलं. म्हणते, "उद्या वर्गात हेच सांगीन. चुकीसकट."

१ सप्टेंबर

आनंदा सांगते, कांता लिहिते.

आचल मामाकडे गेली, म्हणून वही कांताले दिली. खुर्चीवर बसून लिहून राह्यली. वरची ओळ तिनं आपल्या मनानं लिहिली, मग वाचून दाखवली. म्हटलं, "माह्या नावापुढची बाई कुठं गेली?"

"माह्या हातानं लिहिते न, माह्या मनानं लिहीन. खोडू?"

माय गेल्यापासून मले नुसतं आनंदा कोणी म्हटलं नाई.

म्हटलं, राहू दे.