नाडीचा आकडा

प्रिय संचिता,

वर्षभरात तुझे दोन-तीनच फोन मी उचलले, तेही ‘कामात आहे’ म्हणून लगेच ठेवले. नोकरी लागली आणि रसिका बदलली, असं तुला वाटत असेल. माझ्या इंद्रलोकहून तुमच्याकडे भाईंदर पश्चिमेला यायला रिक्षाने असा किती वेळ लागतो? पण तुझ्या बाबांच्या, बाळारामकाकांच्या फोटोसमोर उभं राहायची मला हिंमत होत नव्हती. का, ते आज लिहितेय. फोनवर मला बोलता आलं नसतं.

शेवटच्या वर्षाचा आपला प्रोजेक्ट आठव. तुमच्या ओटीवर सगळा पसारा मांडलेला. कपड्याच्या चिमट्याला एका बाजूने इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूने सेन्सर, मधे बोट. दर ठोक्याला बोटात रक्त भरतं, प्रकाश जरासा अडतो. तो इवलासा फरक सर्किटने मोठा करायचा, मोजायचा आणि मिनिटाचे ठोके डिस्प्लेवर दाखवायचे. सोल्डरिंग तुझं, प्रोग्राम माझा. काका शेजारी जाळं सांधत बसायचे आणि हाक मारली की हात पुसून बोट पुढे करायचे. “घ्या गो पोरींनो, मोजा माझा काळीज!” कधी दोनशे दहा यायचे, कधी शून्य. शून्य आलं की ते डोळे मिटून मान टाकायचे आणि सुगंधाकाकू आतून ओरडायच्या.

ट्यूबलाइटच्या उजेडाने सेन्सर गोंधळतोय, हे शोधलंस तू. परीक्षेच्या आदल्या दुपारी तू काळं कापड आणायला बाजारात गेलीस. मी अर्धा तास थांबायला हवं होतं. पण मी घाबरले होते. तू गेल्यावर मी प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या: बोट आत आलं की काही मोजायचं नाही, बहात्तर ते अठ्ठ्याहत्तरमधला कुठलाही आकडा दाखवायचा. तू आलीस, चिमट्याला कापड गुंडाळलंस, काकांचं बोट ठेवलंस. चौऱ्याहत्तर. तू मला मिठी मारलीस. “माझ्या कापडाने झालं ना?” म्हणालीस. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकही खूश झाले. त्याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? लाज वाटायला लागली ती काकांनी यंत्र घरी ठेवून घेतलं तेव्हा. रोज सकाळी चहाआधी बोट घालायचे आणि शेजाऱ्यांनाही बोलवायचे. ‘द्या, जरा दुरुस्त करून आणते,’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. काका तुझ्या हुशारीचं कौतुक करत होते, तू हसत होतीस, आणि मी पोहे खात होते.

ऑगस्टमधल्या त्या दिवसाचं तू मला तेराव्याला सांगितलंस. सकाळी जाळ्यावरून उठताना काकांना चक्कर आली. तू यंत्र लावलंस, शहात्तर. थोड्या वेळाने पुन्हा, त्र्याहत्तर. तरीही तू म्हणालीस, दवाखान्यात चला. त्यांनी डिस्प्ले तुझ्यापुढे धरला. “काय न्हाय झाला. बग, तुजी मशीन सांगतंय ना!” संध्याकाळी ते मोरीत पडले. डॉक्टर म्हणाले, नाडी तिशीवर आली होती, सकाळपासूनच मंदावली असणार; तेव्हाच आणलं असतं तर पेसमेकर बसवता आला असता. “कापड सैल झालं असेल ग, मी बघितलंच नाही,” म्हणत तू माझ्या खांद्यावर रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. संचिता, त्या चार ओळींपेक्षाही मला त्या हाताची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या आकृतीवरून सर्किट पुन्हा जोडलं. जुना, खरा प्रोग्राम माझ्याकडे होता. काळं कापड गुंडाळलं आणि मनगटावर बोटं ठेवून घड्याळाशी ताडून पाहिलं. एका ठोक्याचाही फरक नव्हता. तुझं सगळं बरोबर होतं.

हे मी कदाचित आयुष्यभर लपवलं असतं. पण त्याआधी मासळी बाजारात काकू भेटल्या होत्या. त्यांना ताप भरला तेव्हा तू थर्मामीटर हातातही घेतला नाहीस, तुझ्या बहिणीला, रीमाताईला वसईहून बोलावून घेतलंस, असं म्हणाल्या. “संचिता सांगतंय, मना आजारी मानसाजवल ठेवू नका. माझ्या हातशी मानूस जातंय.” त्यांच्या पिशवीत कोलंबी होती, त्या ती मलाच देऊ करत होत्या. मी तिथून पळाले. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी मी येतेय, काकूंना माझ्या तोंडाने सांगणार आहे. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन. तू दार उघडलं नाहीस तरी मला समजेल, पण त्याआधी हे एवढं वाच. तू आकडा पाहिलास, पुन्हा पाहिलास, तरी त्यांना चला म्हणालीस. काका तुझ्या हातून गेले नाहीत. माझ्या हातून गेले.

स्वतःला तुझी म्हणवायची लाज वाटणारी,
रसिका